न झालेल्या लॅमिनेशनचे 10,080 रुपये

आकडे आधीच सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. सहा लाइट बॉक्स, म्हणजे आतल्या दिव्यांनी मागून उजळणाऱ्या छापील चित्रांच्या पेट्या, प्रत्येक 6 बाय 4 फूट, मिळून 144 चौरस फूट. छापून बसवणाऱ्याशी ठरलेली रक्कम 1,26,000 रुपये. त्यातले 75,600 आगाऊ दिले, माल बसवला त्या दिवशी 37,800. म्हणजे 1,13,400 गेले. त्यात 'मॅट कोल्ड लॅमिनेशन' (प्रिंटवर दाबून चिकटवायचा, चकाकी नसलेला पारदर्शक थर) या ओळीचे 10,080 होते आणि ते लॅमिनेशन कधी झालंच नाही.

आगाऊ घ्यायचं, नमुना एक दाखवायचा, माल दुसराच द्यायचा आणि मग फोन उचलायचा नाही, हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होता. तरी फसलो, कारण बॅकलिटमध्ये, म्हणजे मागून उजेड पडणाऱ्या प्रिंटमध्ये, फसवणूक दिसायला मागचा दिवा लागतो आणि तो दिवा मी लावला नाही.

नमुना ए-थ्री आकाराचा होता. छापणाऱ्याने तो खिडकीपाशी धरला. रंग असे खणखणीत की बघत राहावं. टेबलावर एलईडी पॅनल होतं, त्याची वायर गुंडाळून ठेवलेली. माझ्या कोपरापासून प्लग वीतभर अंतरावर. तेवढं करायचं होतं! कागदावर बघताना उजेड शाईतून दोनदा जातो, आत जाताना आणि परत येताना. मागून दिवा लावला की एकदाच जातो. म्हणून बॅकलिटवर शाई जवळपास दुप्पट बसवावी लागते, आणि नीट छापलेली प्रिंट हातात घेतली तर काळवंडलेली, चिखलट दिसते. दिवसाउजेडी जी सुंदर दिसते ती दिवा लागला की धुतल्यासारखी होते. हे मला पाठ आहे. तरी त्या दिवशी मी 'वा' म्हणालो.

आणि कडा! फ्रंट प्रिंटवर, म्हणजे फिल्मच्या पुढच्या बाजूला छापलेल्या प्रिंटवर, लॅमिनेशन करताना फिल्मच्या चारही बाजूंना 5 मिलिमीटर पारदर्शक पट्टी बाहेर सोडतात, कारण दमट हवा कडेवरच्या, शाई धरून ठेवणाऱ्या कोटिंगमधून आत शिरते. माझ्या सहाही प्रिंट कडेपर्यंत कापलेल्या होत्या. विचारलं तर म्हणे, "फिनिशिंगसाठी कापलं, सर." मी मान डोलावली. कोपरा नखाने उचकला असता तर एकच थर आहे हे तिथेच कळलं असतं.

माझी बाजू म्हणून एवढंच सांगतो की त्या वेळी प्रिंट फ्रेममध्ये अ‍ॅक्रिलिकच्या मागे बसवून झाल्या होत्या. अ‍ॅक्रिलिकची चकाकी लॅमिनेशनची वाटते. कुणालाही वाटेल.

तीन आठवड्यांत प्रिंटवर ओल्या डागांसारखे चट्टे उठले. लॅमिनेशन नसलेलं कोटिंग दिव्याच्या उष्णतेने आणि दमटपणाने गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकला चिकटतं. मॅट लॅमिनेशन असतं तर दोन्हीत बारीक हवा राहिली असती. प्रिंट सोडवायला गेलो तर शाई अ‍ॅक्रिलिकवर आणि फिल्म हातात. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. 200 मायक्रॉनची फिल्म (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), त्यावर 75 मायक्रॉनचं लॅमिनेशन आणि गोंद, म्हणजे 290च्या आसपास आकडा यायला हवा. आला 205. पैसे देण्याआधी हे एक यंत्र खिशात ठेवा. गोड बोलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

सहापैकी दोन प्रिंटला मधोमध काळी आडवी रेघ आहे. 4 फुटी प्रिंट 1270 मिलिमीटरच्या रोलवर बिनजोड निघते. याने हाताशी असलेल्या 914च्या रोलवर काढून 12 मिलिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवली. दोन थर म्हणजे उजेड कमी, म्हणजे रेघ. दिवा बंद असताना ती दिसत नाही, हे त्याला माहीत होतं.

बॉक्स 80 मिलिमीटर खोल आणि एलईडी मॉड्यूल, म्हणजे आतल्या दिव्यांचे छोटे संच, एकमेकांपासून 150 मिलिमीटर अंतरावर. त्यामुळे सगळीकडे ठिपके ठिपके. मॉड्यूलमधलं अंतर जेवढं, निदान तेवढं अंतर मॉड्यूल ते ओपल शीट (उजेड पसरवणारी दुधी शीट) यांच्यात हवं. मॉड्यूल वाचवले की नफा वाढतो, ठिपके मात्र गिऱ्हाइकाच्या वाट्याला.

प्रिंट अ‍ॅक्रिलिकला चारही बाजूंनी डबल साइड टेपने घट्ट चिकटवली होती, हे तर अडाणीपणाचं. अ‍ॅक्रिलिक तापलं की पॉलिस्टर फिल्मच्या तिप्पट-चौपट पसरतं. 6 फुटांवर 20 अंश वाढले तर दोघांत दोनेक मिलिमीटरचा फरक, आणि तो कुठेतरी सुरकुती होऊन निघणारच. फिल्म फक्त वरच्या कडेवर टेप लावून लोंबती ठेवायची, बाकी ओपल आणि पारदर्शक शीटमध्ये मोकळी सोडायची. कुणी सगळ्या पृष्ठभागाला गोंद लावायला निघाला तर तिथेच हात धरा.

आता तक्रारीचं. चौकीत गेलो. साहेबांनी प्रिंट उचलून छताच्या ट्यूबखाली धरली, वरून बघितली आणि म्हणाले, "छान तर आहे की!" मी म्हटलं, साहेब, मागून उजेड लावून बघा. ते म्हणाले, हा दिवाणी मामला. दुसऱ्या फेरीला अर्ज लिहून घेणाऱ्याने विषयात 'बॅनर' लिहिलं. बॅनर नाही म्हटलं तर, "मग बोर्ड?" तिसऱ्या फेरीला विचारलं, "फाटलंय का?" फाटलं असतं तर निदान एक रकाना भरता आला असता. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणाले. कुणाचा ते विचारलं, तर "तज्ज्ञाचा." मायक्रोमीटरच्या आकड्याचा फोटो दिला, तो त्यांनी उलटा चिकटवला. चार फेऱ्या, एकही पोच नाही. आणि माणूस तिकडे निवांत पुढच्या गिऱ्हाइकाला खिडकीपाशी नमुना धरून दाखवतोय.

म्हणून करारातच लिहून घ्या: फिल्मची जाडी, लॅमिनेशनची जाडी, कडेची 5 मिलिमीटर पट्टी, रोलची रुंदी, मॉड्यूलमधलं अंतर. 'उत्तम दर्जा' हा शब्द दिसला की खोडा. 'रिव्हर्स प्रिंट आहे, लॅमिनेशन लागत नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं असू शकतं, कारण तिथे फिल्मच शाईच्या पुढे येते. पण मग लॅमिनेशनचे पैसे कसले? प्रिंट निघाल्यावर 24 तास वाळू द्या, ओल्या शाईवर लॅमिनेशन केलं की बुडबुडे येतात आणि दिव्यात ते चांदीच्या कणांसारखे चमकतात. बसवायच्या आधी प्रत्येक प्रिंट, प्रत्येक, पेटलेल्या पॅनलवर. नमुन्यावर तारीख घालून सही घ्या आणि तो स्वतःकडे ठेवा. माझ्याकडचा नमुना तो 'रंग जुळवायला' म्हणून घेऊन गेला.

काल त्याचा मेसेज आला. उरलेले 12,600 कधी देताय? सोबत बिलाचा फोटो होता. चौथी ओळ: मॅट कोल्ड लॅमिनेशन, 144 चौरस फूट.