गंगापूर धरणात कोणता नांगर टाकाल?

नाशिककराला नांगर म्हटलं की शेत आठवतं, आणि बोटीच्या नांगराची एक जात खरोखरच फाळासारखी आहे. १९३३ साली जी. आय. टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने ती घडवली. तिच्यासमोर डॅनफोर्थ: दोन चपटी, रुंद पाती, दांड्याशी बिजागरीने जोडलेली.

गंगापूर धरणाच्या तळाशी गाळ, म्हणून माझा कौल डॅनफोर्थला. मऊ तळात पकड वजनावर कमी आणि पात्याच्या रुंदीवर जास्त ठरते. त्यामुळे हलका डॅनफोर्थ तिथे जड फाळाला भारी पडतो, शिवाय सपाट असल्याने बोटीत फळीखालीही सरकवता येतो.

पण वारा फिरला की गंमत संपते. बोट उलट बाजूला गेली की डॅनफोर्थ उपटून निघतो आणि पात्यांत दगड किंवा चिखलाचा गोळा अडकला, तर पुन्हा रुतत नाही. फाळ मात्र दांड्याच्या सांध्यामुळे ओढीबरोबर वळतो आणि बहुधा रुतलेलाच राहतो. पाणवनस्पतींच्या दाटीत हलका डॅनफोर्थ वरच्यावर घसरतो. रात्रभर बोट सोडून जायचं असेल तर मी फाळच घेईन, उचलताना कंबर धरली तरी.

दोर आखडता घेतलात तर दोन्ही सारखेच निकामी. ओढ आडवी हवी, म्हणून खोलीच्या ५ ते ७ पट दोर सोडायचा आणि नांगराजवळ थोडी साखळी लावायची.