आठ महिने, चौदा गाणी आणि एक ‘ळ’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. पटावर १९ मुलं. संगीताचं शिक्षण नाही. पेटीवर सरगम वाजवता येते आणि परिपाठाला प्रार्थना सुरात सांगता येते, एवढंच. गेल्या आठ महिन्यांत एआयवर गाणी बनवणारी दोन-तीन साधनं वापरून मुलांसाठी १४ गाणी केली. त्यातली पाच वर्गात टिकली. पुढे ज्या अडचणी सांगते आहे त्या कुणा एका साधनाच्या नाहीत, थोड्याफार फरकाने सगळीकडे आल्या.

सुरुवात अगदी सोपी असते. एका चौकटीत शब्द टाकायचे, दुसरीत गाण्याचा बाज सांगायचा, की मिनिटभरात दोन वेगवेगळ्या चाली हातात. माझ्या चार ओळी पहिल्यांदा कुणाच्या तरी आवाजात ऐकल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. रात्री घरातल्या सगळ्यांना उठवून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ब्लूटूथ स्पीकरवर लावलं. मुलं नाचली. पण गाणं संपल्यावर एकालाही एक ओळ म्हणता आली नाही.

कारण शोधायला दोन आठवडे गेले. माझ्या ओळी लांबी-रुंदीला वाटेल तशा होत्या, एक आठ अक्षरांची, तर पुढची तेराची. यंत्र तक्रार करत नाही. लांब ओळ ते घाईने कोंबतं, आखूड ओळ ताणतं आणि गाणं पूर्ण करून देतं. मोठ्यांच्या कानाला ते चालून जातं. सात वर्षांच्या मुलाला मात्र पुढची ओळ कुठे सुरू होणार हे आधीच कळायला हवं, तरच ते सोबत गातं. मग मी अष्टाक्षरीकडे वळले. ओळीला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. आठ मात्रांच्या केरवा तालात ही ओळ आपोआप बसते. त्या दिवसापासून चाली सुधारल्या. नव्याने सुरू करणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगेन: बाजाच्या चौकटीशी खेळण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा बोटांवर अक्षरं मोजा.

बाजाबद्दलही थोडं. नुसतं ‘मराठी गाणं’ लिहिलं की बहुतेक वेळा हिंदी सिनेमासारखं काहीतरी येतं, एकदा तर भांगड्याचा ठेका आला. ‘लोकगीत’ या शब्दानेही फार फरक पडला नाही. वाद्यांची नावं रोमन लिपीत लिहिली तेव्हा जरा जमलं. ढोलकी बरी येते. टाळ मागितले की टाळ्या येतात. माझ्या कामाला सगळ्यात उपयोगी ठरलं ते असं: एकच आवाज, पेटी, टाळ्या, सावकाश लय, सुरुवातीचं संगीत नको. ही शेवटची सूचना महत्त्वाची आहे, कारण वीस सेकंद नुसती वाद्यं वाजली तर आमच्या शेवटच्या बाकावर मारामारी सुरू होते.

आता ‘ळ’. हे अक्षर घटवून घेण्यासाठीच मी एक गाणं लिहिलं होतं:

बाळू बसला झाडाशी
केळी खातो सोलून तो
माळावरच्या वाऱ्याला
टाळी देतो हसून तो

गाण्यात आलं ‘बालू’, ‘केली’, ‘मालावरच्या’, ‘टाली’. पुन्हा केलं. अकरा वेळा केलं. कधी पहिला ‘ळ’ नीट यायचा आणि पुढचे तीन घसरायचे, कधी ‘ळ’चा ‘ड’ व्हायचा. एव्हाना लक्षात आलं होतं की देवनागरी दिसली की आवाज हिंदीच्या वळणाने वाचतो. ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतं, ‘ऋतू’चा ‘रितू’ होतो, ‘चमचा’ आणि ‘चाक’ यांतला च ‘चार’मधल्या चसारखा येतो. ‘ज्ञान’ला ‘द्न्यान’ आणि ‘ऋतू’ला ‘रुतू’ लिहून भागलं. ‘च’साठी ‘त्स’ लिहिलं की निम्म्या वेळा जमतं. ‘ळ’ला मात्र दुसरं स्पेलिंगच नाही.

घाईत मी ते चुकीचं गाणं एक दिवस वर्गात वाजवलं, चाल गोड होती म्हणून. आठवड्याने शुद्धलेखन घेतलं, तर तीन पाट्यांवर ‘टाली’. मला फार लागलं ते. ज्या घरांत पुस्तकं नाहीत तिथल्या मुलांसाठी वर्गात ऐकलेला उच्चार हाच प्रमाण असतो. तेव्हापासून उच्चार चुकलेलं एकही गाणं मी वाजवत नाही, चाल कितीही सुंदर असो.

उपाय असा निघाला. एका साधनावर साधारण १० डॉलरची एक महिन्याची वर्गणी भरली. त्यात तयार गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करता येतात. वाद्यं ठेवली आणि शब्द फोनवर स्वतः गायले. माझा आवाज साधाच आहे, पण ‘ळ’ खणखणीत आहे. मुलं बाईंचा आवाज ओळखतात आणि लगेच मागे म्हणतात. टिकलेल्या पाचपैकी चार गाणी अशीच झाली आहेत. चुकलेला तेवढाच तुकडा बदलण्याचीही सोय आहे, पण सांधा ऐकू येतो.

पट्टीकडे लक्ष द्या. हे आवाज ध्रुवपदाला हमखास तार सप्तकात, म्हणजे फार वरच्या सुरांत जातात. तिथे मुलं गात नाहीत, ओरडतात. मी वाद्यांचा ट्रॅक फोनवरच्या एका अ‍ॅपने तीन अर्धस्वर खाली आणते आणि मग गाते.

पाढ्यांना चाल लावायला जाऊ नका. मी गेले होते. ‘बे एके बे, बे दुणे चार’ला तीन वेगवेगळ्या चाली मिळाल्या, तिन्ही ऐकायला छान. मुलं म्हणाली, “बाई, हे चुकलंय.” त्यांचं बरोबर होतं. पाढ्याची चाल पाढ्यातच आहे, ती आजी-आजोबांनीही तशीच म्हटली आहे.

हक्कांचं थोडक्यात. सुनो हे असंच एआयवर गाणी बनवणारं साधन; त्याच्या अटींप्रमाणे फुकट योजनेवरची गाणी कमाईसाठी वापरता येत नाहीत, तेव्हा यूट्यूबवर पैसे मिळवायचा विचार असेल तर आधी आपल्या साधनाच्या अटी वाचा. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि तसंच दुसरं साधन युडिओ यांच्यावर दावे लावले. आमची ध्वनिमुद्रणं परवानगीशिवाय वापरून ही साधनं शिकवली, असा त्यांचा आक्षेप होता. २०२५ च्या अखेरीस त्यातल्या काहींनी तडजोड करून परवान्याचे करार केले. हे वाचल्यापासून मी बाजाच्या चौकटीत कुणा गायकाचं नाव लिहीत नाही. आणि मुलांचे आवाज कुठल्याही साधनावर चढवत नाही, पालकांनी हौसेने सांगितलं तरी.

सध्या वर्गणी बंद केली आहे, कारण वर्षाची गाणी झाली. जूनमध्ये नवी दुसरी वर्गात आली की पुन्हा एक महिना भरेन. ‘ण’चं गाणं लिहून तयार आहे, ‘बाण’ आणि ‘पाणी’ त्यात आहेत. ते मात्र पहिल्यापासून मीच गाणार आहे.