दिवाळी अंक वर चिकटवले, मग उतरवताना घाम फुटला: टाइपसेन्सचे सहा महिने

मराठी पुस्तकांच्या एका ऑनलाइन दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. तिथला शोध टाइपसेन्स या सर्च इंजिनवर चालतो. गणपती गेले, अंकांची नोंदणी सुरू झाली आणि लक्षात आलं की 'दिवाळी अंक' टाकलं तर गेल्या वर्षीचा शिल्लक माल वर येतो नि ताजे अंक तिसऱ्या पानावर. तेव्हा पिन करायला, म्हणजे हवे ते निकाल ठरावीक जागी चिकटवायला घेतलं.

प्रकार सोपा आहे. शोधशब्द द्यायचा, पुस्तकाचा आयडी द्यायचा आणि कितव्या जागी हवं तो आकडा. नको ते निकाल लपवताही येतात. दहा मिनिटांत पाच अंक वर! त्या संध्याकाळी मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पण नियमात मी नुसता 'दिवाळी' शब्द दिला होता आणि जुळणी 'कंटेन्स' ठेवली होती, म्हणजे शोधात तो शब्द कुठेही आला की नियम लागू. त्यामुळे 'दिवाळी फराळ' शोधणाऱ्यालाही आधी पाच अंक, चकल्या-करंज्यांचं पुस्तक सहावं. मग 'एक्झॅक्ट' केलं, म्हणजे शोध तंतोतंत तोच असेल तरच. पण माणसं थोडीच ठरवून एकसारखं टाइप करतात! सर्च लॉगमध्ये, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्या नोंदींत, 'दीपावली अंक', 'दिवाळीअंक', शिवाय रोमन लिपीतली तीन स्पेलिंगं. एकेकासाठी वेगळा नियम लिहीत बसलो.

खरा फटका फिल्टरचा. एका काकांचा फोन आला, "अहो, मी 'फक्त उपलब्ध' वर टिक केलंय, मग संपलेला अंक पहिला कसा दिसतो?" पिन केलेल्या निकालांना फिल्टर आपोआप लागत नाही, त्यासाठी 'फिल्टर क्युरेटेड हिट्स' चालू करावं लागतं. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचलं नव्हतं मीच.

पिन कधी सुरू, कधी बंद, ही वेळही आधीच देता येते. ती युनिक्स वेळ, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेली, सेकंदांत. मी बंदची वेळ मिलिसेकंदांत टाकली, म्हणजे हजारो वर्षांनंतरची! प्रकाशनपूर्व सवलतीचा संच संक्रांतीलाही पहिल्या जागेवर ठाण मांडून होता. आता प्रत्येक पिनची शेवटची तारीख वहीत लिहितो.

सध्या अकराच पिन ठेवलेत. परवा मालक म्हणाले, "आपलं नवं पुस्तक 'कादंबरी' शोधल्यावर दिसलंच पाहिजे." दिसतं. आठव्या जागी लावलंय, अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.