एक स्वर खाली उतरवलेली गिटार

गेल्या डिसेंबरात मी 42,000 रुपये मोजून एक जुनी बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची खर्जातली गिटार, घेतली. तिची खरी किंमत नऊ हजारांच्या पुढे नाही, हे मला चौथ्या दिवशी कळलं. घरी मी आकडा तीस हजार सांगितलाय, तेव्हा ओळखीच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कृपया तेवढं पोटात ठेवा.

मी नाशिकचा. अंबड एमआयडीसीत नोकरी, आणि शनिवार-रविवारी आमचा पाच जणांचा ग्रुप जमतो. जुनी हिंदी-मराठी गाणी, सोसायटीचे गणपती, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, असे कार्यक्रम. अकरा वर्षं एकाच स्वस्तातल्या बेस गिटारवर काढली. व्हॉल्यूमची खुंटी फिरवली की तळणीत मोहरी टाकल्यासारखा आवाज यायचा. त्या दिवाळीच्या बोनसनंतर ठरवलं, 45,000 पर्यंत जायचं आणि दहा वर्षं पुन्हा बघायला लागू नये अशी गिटार घ्यायची.

या भावात नवी कोरी चांगली गिटार मिळते, हे मला माहीत होतं. दुकानात यामाहाची टीआरबीएक्स 304 अर्धा तास वाजवली होती, आयबानेझची एसआर 300 ई सुद्धा. दोन्ही इंडोनेशियात बनतात, दोन्हींत बॅटरीवर चालणारा प्रीअँप (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) असतो, आणि दोन्हींच्या फ्रेट्सच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडा हाताला अजिबात टोचत नव्हत्या. इंडोनेशियन म्हटलं की आपल्याकडे अजून नाक मुरडतात, पण या किमतीत तिथलं काम उत्तम असतं. तिथेच कार्ड काढलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण डोक्यात बसली होती फेंडर या अमेरिकन कंपनीची जॅझ बेस. 1960 पासून चालत आलेला तो आकार, नटपाशी (तारा टेकतात ती वरच्या टोकाची पट्टी) जेमतेम 38 मिलिमीटर रुंद असलेली नेक, म्हणजे दांडा. माझी बोटं आखूड, मला ती नेक कायम सोयीची वाटत आली. मग फेंडरच्याच घराण्यातली, स्वस्त ब्रँडची स्क्वायर का नाही घेतली? कारण हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला, फेंडर हेच नाव हवं होतं. एवढंच खरं उत्तर आहे.

जाहिराती बघायला लागलो तर पहिल्याच आठवड्यात एक 'लष्करातले' साहेब भेटले. बदली झालीय, सामान विकतोय, गिटार ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी हा क्यूआर स्कॅन करा. हा प्रकार आता जगजाहीर आहे. मी त्यांना ब्लॉक केलं आणि स्वतःवरच खूश झालो. आपल्याला कोण फसवणार! आपण प्रत्यक्ष जाऊन, हातात घेऊन, वाजवून मगच पैसे देणार. पुढचं सगळं याच गुर्मीत झालं.

कल्याणच्या एका माणसाची जाहिरात दिसली. फेंडर प्लेअर जॅझ बेस, मेक्सिकोत बनलेली, काळा रंग, 'सिंगल ओनर'. मागत होता 48,000. नवी घ्यायची तर ती माझ्या आवाक्याच्या कितीतरी बाहेर होती. फोनवर माणूस गोड. "सर, घाई नाही, तुम्ही या, निवांत वाजवा, नाही आवडली तर चहा पिऊन जा." रविवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून कल्याणला उतरलो.

चांगली सोसायटी, दुसरा मजला. हॉलमध्ये मोठा अँप, जमिनीवर पेडल्स, भिंतीवर दोन-तीन गिटारी. म्हणजे वाजवणारा माणूस. त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि मी विरघळलोच. तारा नेकला इतक्या जवळ की नुसतं बोट टेकवलं की स्वर. तार आणि फ्रेट यांतल्या या अंतराला आम्ही अ‍ॅक्शन म्हणतो. बाराव्या फ्रेटवर ते दोन मिलिमीटरच्या आसपास असावं, आणि कुठेही खरखर नाही.

वाजवता वाजवता लक्षात आलं की सगळ्यात जाड, ई ची तार ई नाही, डी लागतेय. बाकीच्या तिन्ही तशाच, एकेक स्वर खाली. विचारलं तर म्हणाला, "सर, आमच्या गायकाचा आवाज खर्जातला. आम्ही पूर्ण सेट एक स्वर खाली वाजवतो." त्याने काही लपवलं नाही, म्हणून मला उलट विश्वासच वाटला. बँड आहे, गायक आहे, सेट आहे. वर चढवून बघू का, असं मी विचारलंही. "बघा ना सर, पण तारा जुन्या आहेत, एखादी तुटली तर चारही नव्या लागतील." मी भिडेखातर चढवल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरी त्याची तार कशाला तोडा.

इथे जरा थांबून हे सांगायलाच हवं, कारण सगळी मेख इथे आहे. बेस गिटारच्या चार तारा मिळून नेकला साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने ओढत असतात. त्या ओढीला तोंड द्यायला नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तार एक स्वर खाली उतरवली की तिचा ताण जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो. म्हणजे नेकवरचं पंधराएक किलोचं ओझं उतरतं. ट्रस रॉड संपलेली, म्हणजे तो आणखी आवळायला जागाच न उरलेली, वाकायला आलेली नेकसुद्धा तेवढ्या सुटकेत सरळ दिसते आणि हाताला लोण्यासारखी लागते. मला हे सगळं माहीत होतं. पंधरा वर्षं वाजवतोय, शेजारच्या पोरांना शिकवलंय. तरीही त्या खुर्चीत ते आठवलं नाही, कारण नजर हेडस्टॉकवरच्या अक्षरांवर होती.

दुसरी खूण कानाला ऐकू आली होती. जॅझ बेसमध्ये दोन सिंगल-कॉइल पिकअप असतात, म्हणजे तारांचं कंपन टिपणारी, एकेका वेटोळ्याची चुंबकं. एकच उघडला तर थोडी गुणगुण येते, ती यायचीच. पण आजकालच्या जॅझ बेसमध्ये ते दोन्ही एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण जवळपास थांबते. इथे ती वाढली. तो म्हणाला, "बिल्डिंगचं अर्थिंग बेकार आहे सर." मी मान डोलावली.

42,000 ला सौदा ठरला. बिल? "ओरिजनल बॉक्स आणि बिल बेंगळुरूच्या घरी आहे, पुढच्या महिन्यात कुरियर करतो." 5,000 यूपीआयने दिले, तर स्क्रीनवर वेगळंच नाव आलं. भावाचं अकाउंट. उरलेले 37,000 रोख. चहा मात्र खरंच चांगला होता.

परतीच्या पंचवटीत राहवलं नाही. बाजूच्या काकूंना जरा सरकायला सांगून मांडीवर केस उघडली आणि हेडस्टॉकच्या मागचा सिरियल नंबर मोबाईलवर टाकायला लागलो. सुरुवातीची अक्षरं एमएक्स, पुढे 13. मेक्सिकोच्या गेल्या काही वर्षांतल्या गिटारींवर एमएक्सनंतरचे दोन आकडे म्हणजे बनवल्याचं वर्ष. म्हणजे 2013. छान, असं म्हणेपर्यंत पोटात गोळा आला. फेंडरने प्लेअर ही मालिकाच 2018 मध्ये आणली. त्याआधी त्या जागी स्टँडर्ड होती. 2013 ची प्लेअर जन्मालाच आलेली नाही. खात्री करायला अजून काहीतरी शोधत होतो, तर कसारा घाट लागला आणि रेंज गेली. इगतपुरीपर्यंत मी नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

घरी पोचल्यावर मेसेज केला. उत्तर लगेच: "सर, नेक बदललेली आहे, बॉडी प्लेअरचीच. सांगायचं राहिलं." राहिलं! त्या रात्री तारा चढवल्या. ई, ए, डी, जी. सकाळी बघतो तर नेक धनुष्यासारखी, आणि बाराव्या फ्रेटवर तारेखाली दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक सहज सरकत होती. पुन्हा मेसेज. "सर, नाशिकची हवा कोरडी. थंडीत लाकूड हलतं. ट्रस रॉड फिरवून घ्या." कोरड्या हवेत लाकूड हलतं, हे खरंच आहे. या माणसाचं प्रत्येक वाक्य असं अर्धं खरं असायचं. नुसत्या थापा मारल्या असत्या तर मी पहिल्याच दिवशी उठलो असतो.

आमच्याकडे गिटारी दुरुस्त करणारे एक काका आहेत, कॉलेजपासून मला ओळखतात. बुधवारी त्यांच्या टेबलावर गिटार ठेवली. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. ई ची तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबली, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने, आणि मला म्हणाले, "मध्ये बघ." अशी दाबलेली तार म्हणजे फुकटची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट हवी. इथे काकांनी फ्रेटवर त्यांचं जाड पिक (तार छेडायची चकती) ठेवलं, ते तारेखालून आरपार गेलं. मग हेडस्टॉकजवळच्या भोकात अ‍ॅलन की घातली. ती पाव वळणावर अडली. "संपलाय. कुणीतरी शेवटपर्यंत आवळून ठेवलाय. अजून जोर केला तर तुटेल."

नंतर त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च हेडस्टॉकवर अगदी आडवा धरला. तो क्षण मी विसरणार नाही. ऐटबाज नावाच्या खाली, थोडं तिरकं, दुसऱ्याच एका स्वस्त नावाची पुसट अक्षरं उमटली, पाटीवर ओल्या फडक्याने पुसलेल्या खडूसारखी. पॉलिश पेपर मारून जुनं नाव घालवलं होतं, वर नवीन स्टिकर आणि त्यावर लॅकरचा एक हात. नखाने कड लागत होती. (काका म्हणाले, नुसत्या कडेवरून निकाल लावू नये, काही अस्सल गिटारींवरही ती हाताला लागते.) नेकच्या मागचे चार स्क्रू काढले तर खाचेत कागदाची घडी घातलेली, नेकचा कोन जमवायला. दोन्ही पिकअप एकाच दिशेने गुंडाळलेले, म्हणून ती गुणगुण. माझ्या घरचं अर्थिंग ठणठणीत आहे.

मी फोन केला. आता आवाज बदलला होता. "सेकंडहँड माल आहे, बघून घेतलात ना? वाजवलीत ना तासभर?" त्यानंतर नंबर बंद. एका मित्राला त्या सोसायटीत पाठवलं. फ्लॅट भाड्याचा होता आणि त्याच महिन्याच्या शेवटी रिकामा झाला होता.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. ज्याला आपण चारसोबीस म्हणतो ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, ही माहिती मला तिथे मिळाली. पण बिल नाही, जाहिरात काढून टाकलेली, रोख रकमेची पावती नाही, वस्तू स्वतः तपासून घेतलेली. वकील मित्र म्हणाला, तो दुकानदार नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही अवघड. यूपीआयच्या 5,000 साठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. चार दिवस उशीर झाला होता. असा फोन पहिल्या काही तासांत केला तरच पैसे मध्ये अडवता येण्याची आशा असते. तक्रार क्रमांक आहे माझ्याकडे, अजून तेवढंच आहे.

तुमच्यापैकी कुणी जुनी बेस गिटार बघायला निघालं असेल तर खिशात चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, सहा इंची पोलादी पट्टी, अ‍ॅलन कीचा संच आणि छोटा टॉर्च एवढं न्याच. तारांचा नवा संचही न्या. तीन-चार हजार जातील, पण 'तार तुटेल' हे वाक्य तिथल्या तिथे संपेल. तारा पूर्ण स्वराला चढवा, अर्धा तास तशाच ठेवा, तोवर चहा प्या, मग नेक बघा. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना किंचित फिरतो का, ते मालकालाच फिरवून दाखवायला सांगा. सिरियल नंबरचा फोटो जायच्या आदल्या दिवशी मागा. मी तो गाडीत बसल्यावर वाचला, घाटात.

काकांनी दोन भाव सांगितले. नेक बदलून नीट करायची तर दहा-बारा हजार, आणि आहे तशी विकायची तर आठ-नऊ. मग टॉर्च खिशात टाकता टाकता म्हणाले, "एक मुलगा मागतोय जॅझ बेस. स्टिकर असाच राहू दे, एक स्वर खाली उतरव, पस्तीस देईल." ते मला जोखत होते की खरंच सांगत होते, मला अजून कळलेलं नाही. मी काही बोललो नाही. घरी येऊन हिशेब मात्र केला: पस्तीस आले तर नुकसान फक्त सात हजार, आणि बायकोला सांगितलेल्या आकड्यावर उलट पाच हजार वर.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर जुना पेपर पसरला, ब्लेड घेतलं आणि हेडस्टॉक खरवडायला बसलो. लॅकर चिवट होतं, अर्धा तास गेला. बायको पाण्याची बाटली भरायला आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तीस हजारांच्या गिटारीचं नाव का काढताय?"