पाणी सोडतायत: एसएमएस येईल की भोंगा वाजेल?

खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढला की पुण्यात सिंहगड रोडवर नदीकाठी राहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. २५ जुलै २०२४ला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून तर जास्तच. सरकारी इशारा मोबाईलवर दोन तऱ्हांनी येऊ शकतो.

एक, साधा एसएमएस. तो एकेका नंबरला जातो, म्हणजे तुमचा नंबर आधी यादीत हवा. भाडेकरू, हॉस्टेलची पोरं, पाहुणे सगळे सुटतात. शिवाय इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०च, आणि काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात. ‘नदीपात्रातील वाहने तातडीने हलवावीत’ म्हणण्यातच निम्मी जागा गेली. शिवाय पहाटे चारला तो एका ‘टिंग’वर येणार, आणि कर्जाच्या जाहिरातींखाली गाडला जाणार.

दुसरा प्रकार सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये चाचणी झाली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते ना, तोच. (आमच्याकडे आईने घाबरून फोन उशीखाली दाबला होता.) यात टॉवर आपल्या टापूतल्या चालू फोनना एकाच वेळी संदेश ऐकवतो. नंबर लागत नाही, नेटवर्क तुंबलं तरी फारसं अडत नाही. मात्र फोन बंद असेल तर काही नाही. एसएमएस निदान चालू केल्यावर येतो.

घर सोडायला सांगायचं तर मला भोंगाच हवा. पंचनामा कधी, निवारा कुठल्या शाळेत, हे मात्र एसएमएसनेच कळवा. पुन्हा उघडून बघता येतं.