मँचेस्टरच्या क्लबची चार तिकिटं, १८० पौंड आणि एक ‘ताई’

मँचेस्टरला येऊन दोन महिने झाले होते. लेक्चर, कॅफेत भांडी घासणं आणि घरी येऊन आमटीभात, एवढंच चाललं होतं. मी साताऱ्याची. रात्री अकरानंतर घराबाहेर असणं म्हणजे एकतर गणपतीची मिरवणूक, नाहीतर चुकलेली एसटी. त्यामुळे नोव्हेंबरात घरातल्या तिघीजणींनी ‘या शनिवारी वेअरहाउस प्रोजेक्ट’ असं जाहीर केलं, तेव्हा मीच सगळ्यांत जास्त उड्या मारल्या. तिकिटं काढायची जबाबदारीही मीच अंगावर घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वेअरहाउस प्रोजेक्ट हा एक क्लब नाही, नाचगाण्याच्या रात्रींचा हंगाम आहे. सप्टेंबरात सुरू होतो आणि नव्या वर्षाच्या तोंडावर संपतो. २००६ साली बिअरच्या एका जुन्या कारखान्यात तो पहिल्यांदा भरला. २०१९ पासून पिकॅडिली स्टेशनला लागून असलेल्या मेफील्ड डेपोत भरतो. डेपो म्हणजे १९१० साली उघडलेलं रेल्वे स्टेशन. १९६० साली प्रवासी गाड्या बंद झाल्या, मग तिथे पार्सलं उतरायची, पुढे तेही थांबलं. आता त्याच विटांच्या आणि लोखंडी खांबांच्या पोटात एका रात्री दहा हजार माणसं नाचतात. गाजलेल्या रात्रींची तिकिटं महिना महिना आधी संपतात. आणि तिकिटं संपली की फसवणाऱ्यांचा धंदा सुरू होतो.

मी भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात लिहिलं, ‘शनिवारची चार तिकिटं कुणाकडे आहेत का?’ पाच मिनिटांच्या आत खासगी मेसेज आला. आडनाव मराठी. फोटोत चष्मा, जॅकेट, मागे विद्यापीठाची इमारत.

‘नमस्कार ताई. माझ्याजवळ चार तिकिटे उपलब्ध आहेत. माझी परीक्षा असल्यामुळे मी येऊ शकणार नाही.’

परदेशात कुणी ताई म्हटलं की माणूस पाघळतो, मीही पाघळले. खरं तर तेव्हाच कान टवकारायला हवे होते. वीस-बावीस वर्षांचा पोरगा व्हॉट्सॲपवर ‘उपलब्ध आहेत’ असं लिहितो का? मी म्हटलं, ‘कुठला रे तू?’ उत्तर आलं, ‘मी नागपूर येथील आहे.’ नागपूर ‘येथील’! माझ्या शेजारच्या खोलीत अस्सल नागपूरची मुलगी झोपली होती. तिला उठवून हे वाचायला दिलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. मी मात्र मनाशी म्हटलं, इंग्रजी शाळेत शिकला असेल, मोठ्यांशी जपून लिहीत असेल.

त्याने जास्त पैसे मागितले असते तर कदाचित संशय आला असता. पण तो म्हणाला, ‘मला नफा नको, मूळ किमतीत घ्या.’ एका तिकिटाचे ४५ पौंड, चारांचे १८०. तिकिटांचे स्क्रीनशॉट पाठवले, त्यांवर क्यूआर कोड आणि ऑर्डर क्रमांक. वर विद्यार्थी ओळखपत्राचा फोटो. मी विचारलं, ‘ॲपवरूनच माझ्या नावावर कर ना?’ तो म्हणाला, त्याला दोन दिवस लागतात, शुल्क कापतात आणि आणखी तिघं रांगेत आहेत. हे ‘आणखी तिघं’ म्हणजे आपल्याकडे जागा दाखवणाऱ्या एजंटचा ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’. साताऱ्यात कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

पैसे पाठवताना माझ्या बँकेच्या ॲपने मला थांबवलंही होतं. इथल्या बँका तुम्ही टाकलेलं नाव आणि खात्यावरचं नाव ताडून बघतात. पडद्यावर स्वच्छ आलं की नाव जुळत नाही, हा फसवणुकीचा प्रकार असू शकतो. मी त्याला विचारलं. ‘ते माझ्या सहनिवासीचे खाते आहे, माझे कार्ड हरवले आहे.’ सहनिवासी! मी तो इशारा बाजूला सारून बटण दाबलं. पैसे काही सेकंदांत पोचले. इथली बँक ट्रान्सफर म्हणजे हातात रोख ठेवल्यासारखीच.

शनिवारी नटूनथटून गेलो. मेफील्डच्या बाहेर रांग, गार वारा, कोट न घातलेल्या पोरी आणि आतून येणारा तो धप् धप् आवाज, जो कानाआधी छातीत कळतो. दारावरच्या बाईने माझा फोन यंत्राखाली धरला. लाल दिवा. परत धरला. लाल दिवा. ‘हे आधीच स्कॅन झालंय, लव्ह.’ इथे बसचालकापासून भाजीवालीपर्यंत सगळे लव्ह म्हणतात, पण त्या क्षणी ते फार लागलं. चारही कोड तसेच. आम्हाला कठड्याच्या बाजूला उभं केलं.

तिथे आमच्या आधीच दोघं उभे होते, शेफील्डहून रेल्वेने आलेले. आम्ही फोन शेजारी शेजारी धरले. ऑर्डर क्रमांक तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत. त्यांना विकणारा ‘मेट’ म्हणत होता, मला विकणारा ‘ताई’. त्यांचा विक्रेता म्हणे आजीच्या अंत्यविधीला निघाला होता. नागपूरच्या मुलीने माझा फोन घेतला, सगळा संवाद वाचला आणि म्हणाली, ‘असं कोण बोलते बे आमच्याकडे? हे तर मशीनचं मराठी आहे.’

दारावरच्या बाईने एक गोष्ट सांगितली, ती मला आधी कळायला हवी होती. क्यूआर कोडचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे. एक कोड पन्नासजणांना पाठवता येतो, आत मात्र जो पहिला पोचेल तोच जातो. तिकीट खरंच तुमचं व्हायचं असेल तर ते ज्या ॲपवर घेतलंय त्याच ॲपवरून तुमच्या खात्यात यावं लागतं. डाइससारख्या ॲपवर तर कोड कार्यक्रमाच्या थोडा वेळ आधीच उघडतो, म्हणजे पाच दिवस आधी कुणी कोडचा स्क्रीनशॉट देत असेल तर तो कुठून आणला हे विचारायला हवं. आणि तिकिटं संपली तरी बऱ्याच ॲपवर प्रतीक्षायादी असते. कुणी तिकीट परत केलं की तिथूनच मूळ किमतीला मिळतं. मला हे माहीत नव्हतं, कारण मी शोधलंच नव्हतं. मला ताई म्हणणारा भाऊ मिळाला होता ना.

परत निघालो तर पिकॅडिलीजवळ एकजण गाडीची काच खाली करून म्हणाला, ‘टॅक्सी? कुठेही पंधरा पौंड.’ दार उघडायला हात गेला होता. नागपूरवालीने मागे खेचलं. रस्त्यात हात दाखवून थांबवायची ती परवानाधारक काळी कॅब. बाकीच्या खासगी टॅक्सीत आधी बुकिंग केल्याशिवाय बसायचं नाही. बुकिंग नसेल तर तो कायद्याने तुम्हाला घेऊच शकत नाही, आणि अपघात झाला तर विमाही धरला जात नाही. एका रात्रीत दोनदा फसायचं माझं भाग्य हुकलं. आम्ही बसने विल्मस्लो रोडला उतरलो आणि रशोमच्या करी माइल या खाऊगल्लीत कबाब खाल्ले. त्याचे पैसे मी दिले.

आता पैशांचं. १८० पौंड म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. मला तेव्हा ताशी १२.२१ पौंड मिळायचे, म्हणजे जवळजवळ पंधरा तास भांडी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यातले हे पंधरा. तिघींचे पैसे माझ्याकडे आले होते, ते मी परत केले. नागपूरवालीने घ्यायला नकार दिला, तर तिच्या उशीखाली ठेवले.

रविवारी सकाळी बँकेला फोन केला. बँकेचा नंबर हाताशी नसेल तर १५९ लावा, तिथून बहुतेक बँकांशी जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की अशा फसवणुकीत ट्रान्सफर केलेले पैसे बँकेने परत द्यायचे, आणि तो भार पाठवणारी व घेणारी बँक निम्मा निम्मा उचलते. ऐकून हायसं वाटलं. पण त्याच नियमात बँकेला पहिले १०० पौंडांपर्यंत कापून घ्यायची मुभा आहे. माझ्या बँकेने पूर्ण १०० कापले. इशारा का ओलांडला, हे दोनदा विचारलं, मी खरं ते सांगितलं. चौथ्या दिवशी ८० पौंड जमा झाले. हिशेब करून बघा, ४५ पौंडांचं एकच तिकीट घेतलं असतं तर हाती शून्य आलं असतं. म्हणजे छोट्या रकमेचा चोर सगळ्यांत निवांत. क्रेडिट कार्डाचा कायदाही वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर असेल तरच मदतीला येतो. पेपालवर ‘मित्राला पाठवतोय’ म्हणून पैसे दिले तर तिथेही संरक्षण नाही, आणि हे लोक नेमकं तसंच पाठवायला सांगतात.

क्लबच्या नादात पैसे घालवणारी या शहरात मी पहिली नाही, एवढंच समाधान. १९८२ साली उघडलेला इथला हासिएंडा क्लब जगभर गाजला, पण त्यात भागीदार असलेल्या न्यू ऑर्डर या बँडची कमाई गिळत राहिला आणि १९९७ साली बंद पडला. त्या जागी आता त्याच नावाच्या सदनिका आहेत. कॅफेला जाताना रोज दिसतात.

डिसेंबरात प्रतीक्षायादीतून एक तिकीट मिळालं आणि मी एकटीच जाऊन आले. दिवा हिरवा लागला तेव्हा मी त्या बाईला थँक यू, लव्ह म्हटलं. ती हसली.

परवा मुद्दाम त्याच गटात, मैत्रिणीच्या नंबरवरून लिहून पाहिलं, ‘दोन तिकिटं हवी आहेत.’ चार मिनिटांत तीन मेसेज आले. एकाची सुरुवात ‘नमस्कार ताई’ अशी होती. फोटो नवा होता, आडनाव या वेळी कुलकर्णी, आणि तिकिटे ‘उपलब्ध’ होती.