सीतलामाता बाजारातली माहेश्वरी

भाचीच्या डोहाळजेवणासाठी माहेश्वरी साडी हवी होती, म्हणून इंदूरच्या राजवाड्याजवळच्या सीतलामाता बाजारात गेले. गल्लीतल्या या छोट्या दुकानात माल दाखवणारे काका घाई करत नाहीत, हे मला फार आवडलं. गादीवर बसवून त्यांनी साडी पूर्ण उलगडली, उलटी केली आणि म्हणाले, "ताई, काठ दोन्ही बाजूंनी बघा." खरोखर, काठ उलटसुलट सारखाच! त्याला बुगडी म्हणतात. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठावर चटईची वीण होती. महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटांच्या दगडी कोरीवकामातूनच अशी नक्षी विणकरांनी उचलली. अहिल्याबाईंनी त्यांना तिथे आणून वसवलं, हे आपल्या इंदूरच्या मराठी घरांत लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून या साडीचा मला विशेष जिव्हाळा आहे.

मी घेतली ती नीम रेशमी, म्हणजे अर्धी रेशमी: ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुती. अंगावर हलकी बसते, मे महिन्यातही घाम धरत नाही. किंमत ४,८०० रुपये. हातमागाच्या कामाला हे पैसे योग्यच वाटले.

फॉल-पिकोचं काम मात्र तिथे देऊ नका. टाके मोठे आले, घरी उसवून पुन्हा घालावे लागले. आणि पॉवरलूमचा मालही त्याच कपाटात असतो, तेव्हा हातमागाचीच दाखवा असं आधीच सांगा. विचारलं की काका खरं सांगतात. पैठणी आणि चंदेरीही आहेत, पण निवड कमी.